वीजदर ठरविणार कोण, भार वाहणार कोण?

दरमहा घरी येणारे विजेचे बिल आपण वाचतो ते एकाच आकड्यापुरते. भरावयाची रक्कम आणि शेवटची तारीख पाहून झाली, की कागद खिळ्याला अडकविला जातो. परंतु त्याच कागदावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशी जी शीर्षके छापलेली असतात, त्यांतील प्रत्येक ओळ हा एकेका सार्वजनिक निर्णयाचा उतारा असतो. कोळशाचे भाव वाढले तर तो बोजा कोणी उचलावा, शेतकऱ्याच्या पंपाला स्वस्त अथवा फुकट वीज द्यावयाची तर तिचे पैसे कोठून यावेत, धूर कमी करावयाचा तर त्याचा खर्च कोणाच्या नावे मांडावा, या प्रश्नांची उत्तरे त्या ओळींत आपल्यासाठी आधीच देऊन झालेली असतात. ही उत्तरे देणारी संस्था म्हणजे मुंबईतील महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. आपल्या घरखर्चावर मंत्रिमंडळाइतकाच परिणाम घडविणाऱ्या या संस्थेचे नाव जळगाव-धुळ्याकडील सुशिक्षित माणसालाही क्वचितच सांगता येते, ही काहीशी चमत्कारिक गोष्ट म्हटली पाहिजे.

केंद्राच्या १९९८ सालच्या कायद्यान्वये हा आयोग ५ ऑगस्ट १९९९ रोजी स्थापन झाला आणि पुढे २००३ च्या विद्युत कायद्याने त्याचे अधिकार विस्तृत केले. त्यापूर्वी दर ठरविण्याचे काम राज्य वीज मंडळ आणि सरकार यांच्यात आपसांत उरकले जात असे. निवडणुका जवळ आल्या की दर गोठत आणि मंडळाचा तोटा फुगत असे. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा करार १९९३ साली झाला, १९९५ साली रद्द झाला, पुन्हा नव्या स्वरूपात उभा राहिला आणि २००१ साली प्रकल्प बंद पडला. एवढ्या मोठ्या व्यवहाराची वाजवी किंमत कोणीतरी तटस्थपणे, कागदपत्रे उघड ठेवून तपासावयास हवी होती, हा धडा महाराष्ट्राने भरपूर किंमत मोजून घेतला. पुढे जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. वीज निर्माण करणारा एक, वाहून नेणारा दुसरा, विकणारा तिसरा आणि या सर्वांच्या हिशेबावर नजर ठेवणारा आयोग चौथा, अशी ही रचना आहे.

मुळात आयोगाकडे दोन कामे होती. ग्राहकाला वीज वाजवी दरात मिळावी आणि वीज कंपनी बुडू नये. ही दोन कामे एकमेकांस ओढणारी असली, तरी एका तराजूत मावणारी होती. गेल्या वीस वर्षांत त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. पृथ्वीचे तापमान वाढते आहे, कोळशाचा वापर घटला पाहिजे, सूर्य आणि वारा यांपासूनची वीज वाढली पाहिजे. २००३ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत पर्यावरणास अनुकूल धोरणांचा उल्लेख आहे आणि कलम ८६ अन्वये नवीकरणीय ऊर्जेला उत्तेजन देणे हे राज्य आयोगाचे कर्तव्य ठरविले आहे. तथापि हे तिसरे काम पहिल्या दोहोंशी कसे जुळवावयाचे, जुळले नाही तर कोणास माघार घ्यावयास लावावयाची, हे मात्र कायदा सांगत नाही.

खानदेशातील दोन टोके

या तिढ्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने खानदेश सोडून कोठे जाण्याचे कारण नाही. पूर्वेस भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे. त्याचा पहिला, ६२.५ मेगावॉटचा संच १९६८ सालचा. तो व त्यापाठचा संच कालांतराने मोडीत निघाले, पुढे पाचशे मेगावॉटचे दोन संच उभे राहिले आणि ६६० मेगावॉटच्या आणखी एका संचाचे काम २०१८ साली भेलकडे देण्यात आले. कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीवरील हतनूर धरणातून येते, आणि राख आपल्यापाशीच राहते. एखाद्या व्यवहाराची झळ त्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच माणसाला लागते, याला अर्थशास्त्रात बाह्यपरिणाम म्हणतात. वर्गात ही संकल्पना शिकविताना वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्यापलीकडे उदाहरण शोधावे लागत नाही.

पश्चिमेस साक्री तालुका आहे. तेथील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे जे रान उभे आहे, ते केवळ वाऱ्याच्या कृपेने उभे राहिलेले नाही. आयोगाने २४ नोव्हेंबर २००३ रोजी पवनविजेचा दर ठरवून दिला. पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये, पुढे दरवर्षी पंधरा पैशांची वाढ, आणि कराराची मुदत तेरा वर्षे. त्यास आयकरातील ऐंशी टक्के घसाऱ्याच्या सवलतीची जोड मिळाली. वाऱ्याशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, अशा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना एकाएकी साक्रीचे पठार आवडू लागले, ते यामुळे. नियामकाच्या एका आदेशाने डोंगराचे रूप पालटू शकते, याचा याहून ठळक पुरावा दुसरा नसेल.

त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. त्याला केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी विकास बँकेचे कर्ज लाभले. म्हणजे युरोपातील हवामान-धोरण साक्रीच्या माळावर प्रत्यक्ष रुपयांच्या रूपाने येऊन पोहोचले आहे. तेव्हा युरोपातील कायद्यांची चर्चा आपण कशासाठी करावयाची, असे म्हणण्यात आता अर्थ नाही.

सालदार आणि रोजंदार

स्वच्छ विजेच्या प्रश्नातील खरी अडचण समजण्यासाठी विजेच्या दोन प्रकारच्या किमती ध्यानात घ्याव्या लागतात. आपल्या शेतीतील सालदार आणि रोजंदार यांच्या व्यवस्थेशी ती गोष्ट हुबेहूब जुळते. सालदाराचे साल ठरलेले असते. काम असो वा नसो, अक्षय्य तृतीयेला ठरलेली रक्कम त्याला द्यावीच लागते. रोजंदार ज्या दिवशी येतो त्या दिवसाचे पैसे घेतो. औष्णिक केंद्र हा सालदार आहे. ते उभारण्याचे कर्ज, व्याज, घसारा, कर्मचाऱ्यांचे पगार हा स्थिर खर्च वीज घेतली नाही तरी महावितरणला द्यावा लागतो. प्रत्यक्ष वीज घेतली तर कोळशाचे पैसे निराळे. सौर प्रकल्प हा रोजंदार आहे, आणि त्याचा रोज अलीकडे फारच उतरला आहे. २०१०-११ साली केंद्रीय आयोगाने सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे ठरविला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानात भाडला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला.

मात्र हा स्वस्त रोजंदार सायंकाळी सहानंतर कामावर येत नाही. घरोघरी दिवे, पंखे, दूरदर्शन संच सुरू होतात आणि जळगावच्या वैशाखातील रात्री कूलरवाचून काढणे अशक्य होते, त्या वेळी पुन्हा सालदाराचीच आठवण होते. म्हणून दुपारी दीपनगरसारखी केंद्रे मंद चालवावयाची आणि सायंकाळी त्यांना वेग द्यावयाचा, अशी कसरत सुरू झाली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशावरील संचांना ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत भार उतरविण्याची क्षमता आणावयास सांगितले आहे. अशा चढउताराने यंत्रे झिजतात, कोळसा अधिक जळतो, आणि सालदाराचे साल मात्र पूर्ण द्यावे लागते. वर्तमानपत्रात अडीच-तीन रुपयांची सौर वीज वाचून आपले बिल का उतरत नाही, असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. त्याचे बरेचसे उत्तर येथे आहे. सूर्याची वीज स्वस्त झाली तरी संक्रमणाचा काळ स्वस्त नसतो. सालदार आणि रोजंदार या दोघांनाही काही वर्षे पोसावे लागते.

मग तो दुहेरी खर्च कोणी सोसावा? नियामकापुढील कठीण प्रश्न हा आहे, आणि तो अभियांत्रिकीचा नसून वाटपाचा आहे.

युरोपात काय घडले

युरोपीय देशांनी हा प्रश्न आपल्याआधी सोडवावयास घेतला आणि त्यांच्याकडून झालेल्या चुका आपल्याला फुकट शिकता येण्यासारख्या आहेत. जर्मनीने २००० सालच्या कायद्याने सौर व पवन ऊर्जेला वीस-वीस वर्षांचे हमीदर दिले आणि त्यांचा अधिक खर्च प्रत्येक युनिटवर अधिभार लावून वसूल केला. २०१४ पर्यंत हा अधिभार युनिटला सहा सेंटांच्या वर गेला. घरगुती ग्राहकाच्या बिलाचा सुमारे पाचवा हिस्सा तेवढ्यात जाऊ लागला. परदेशी स्पर्धेच्या नावाखाली मोठ्या कारखान्यांना त्यातून सूट होती. म्हणजे पोलादाचा कारखाना सुटला आणि पेन्शनवर जगणारी म्हातारी सापडली. अखेरीस १ जुलै २०२२ पासून अधिभार शून्यावर आणून तो खर्च केंद्र सरकारच्या निधीवर टाकण्यात आला. बिलातून तो अंदाजपत्रकात गेला.

तेवढ्याने वाद संपला असे नाही. पुढील वर्षी, १५ नोव्हेंबर २०२३ रोजी, जर्मन घटनात्मक न्यायालयाने याच हवामान निधीकडे वळविलेली सहा हजार कोटी युरोंची कर्जाची तरतूद घटनाबाह्य ठरविली आणि सरकारची मोठी धांदल उडाली. परंतु ती धांदल संसदेत, न्यायालयात, वृत्तपत्रांत, सर्वांच्या देखत उडाली. खर्च बिलाच्या ओळीत लपलेला असता तर ती उडालीच नसती.

स्पेनने निराळा मार्ग धरला आणि तो अधिक घातक ठरला. सौर ऊर्जेला उदार दर द्यावयाचे, परंतु ग्राहकांचे दर मात्र त्या मानाने वाढवावयाचे नाहीत, असे तेथील सरकारांनी वर्षानुवर्षे केले. मधली तूट कंपन्यांच्या खात्यावर येणे म्हणून लिहिली गेली. २०१३ पर्यंत ती अडीच हजार कोटी युरोंच्या पुढे गेली. मग सरकारने आधी दिलेले दर कापले आणि परदेशी गुंतवणूकदारांनी आंतरराष्ट्रीय लवादांपुढे दाव्यांची रीघ लावली. आपल्याकडेही नियामक आयोग दरवाढ टाळण्यासाठी वसुली पुढे ढकलतात आणि त्या रकमेस 'नियामक मत्ता' असे भारदस्त नाव देतात. मत्ता म्हणजे संपत्ती. पण ती कंपनीची संपत्ती आणि ग्राहकाचे व्याजासह कर्ज असते. २०१९ साली आंध्र प्रदेश सरकारने पवन व सौर विजेचे जुने करार मोडू पाहिले, तेव्हा स्पेनचीच आवृत्ती निघाली. २०२२ साली उच्च न्यायालयाने ते करार पाळावयास लावले.

तिसरे उदाहरण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. जर्मनीत वीज व वायू वाहिन्यांच्या भाड्याचे नियम नियामक संस्थेऐवजी सरकार स्वतःच्या अध्यादेशांनी ठरवून देत असे. त्यावर युरोपीय आयोग न्यायालयात गेला. २ सप्टेंबर २०२१ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला, की युरोपीय कायद्याने नियामकाकडे सोपविलेले काम राष्ट्रीय सरकारने अथवा संसदेने हिरावून घेता कामा नये. जर्मनीचा बचाव असा होता, की लोकांनी निवडून दिलेल्या संसदेपेक्षा नेमलेले अधिकारी श्रेष्ठ कसे? न्यायालयाने तो मानला नाही आणि जर्मनीस आपला कायदा बदलावा लागला.

जर्मनीच्या बचावात काहीच तथ्य नव्हते, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. श्रीमंताने किती आणि गरिबाने किती द्यावे, हा निर्णय लोकप्रतिनिधींचाच असला पाहिजे. तीन किंवा पाच नियुक्त सदस्यांनी तो घेणे लोकशाहीस धरून नाही. परंतु विजेचा खरा खर्च किती, त्यातील वाजवी किती आणि अनागोंदीचा किती, हा मुद्दा हिशेबाचा आहे. तो सत्तेवरील पक्षाच्या हाती देणे म्हणजे दुकानदारालाच वजनमापे खात्याचा निरीक्षक नेमणे होय. भार कोणी वाहावा हे विधिमंडळाने ठरवावे; भार किती, हे आयोगाने ठरवावे. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली, की दोन्ही बिघडतात.

कलम १०८ ची सावली

आपल्याकडे ही सरमिसळ कायद्यातच आहे. सार्वजनिक हिताच्या धोरणविषयक बाबींत राज्य सरकार जे निदेश देईल, त्यांच्या अनुरोधाने राज्य आयोगाने वागावे, असे कलम १०८ सांगते. आणि एखादा निदेश धोरणविषयक आहे की नाही असा वाद निघाल्यास सरकारचाच निर्णय अंतिम राहील, असेही तेच कलम सांगते. खेळाडूनेच पंच व्हावे, अशी ही व्यवस्था आहे. युरोपीय न्यायालयापुढे हे कलम गेले असते तर त्याची काय गत झाली असती, याची कल्पना वाचकांनी करावी.

त्याच कायद्यात कलम ६५ मात्र उत्तम आहे. सरकारला एखाद्या वर्गास स्वस्त वीज द्यावयाची असेल तर अवश्य द्यावी, परंतु अनुदानाची रक्कम आगाऊ भरावी. ती न भरल्यास आयोगाने ठरविलेला दरच लागू होईल. भार उघडपणे तिजोरीवर घेण्याचा नियम कायद्यात वीस वर्षांहून अधिक काळ लिहिलेला आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपये, असा तिचा पसारा सांगण्यात आला. ही रक्कम अंदाजपत्रकात दिसते, तिच्यावर बोलता येते, ही गोष्ट चांगलीच म्हणावी लागेल. तथापि ग्राहकांच्या एका वर्गाकडून अधिक दर घेऊन दुसऱ्यास स्वस्त वीज देण्याची क्रॉस सबसिडीची जुनी वहिवाट तिने संपलेली नाही. धुळ्याचा यंत्रमागधारक, जळगावचा डाळमिलवाला, चटईचा छोटा कारखानदार आणि चौकातला झेरॉक्सवाला यांच्या बिलात ती अद्याप आहे. मोठ्या कारखान्याला बाहेरून वीज घेण्याची वाट आहे. २०२२ च्या हरित खुल्या प्रवेशाच्या नियमांनी ही मर्यादा एक मेगावॉटवरून शंभर किलोवॉटवर आणली. ज्याचा भार चाळीस किलोवॉट आहे, तो जागच्या जागी राहतो आणि निघून गेलेल्यांचा हिस्साही त्याच्याच माथी येतो.

मोफत विजेचा आणखी एक पैलू अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला डावलता येत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात भूजल खोल गेल्याचे सरकारी सर्वेक्षणे वर्षानुवर्षे सांगत आहेत. रात्री-अपरात्री पाण्यावर जाणाऱ्या, विंचूकाट्याच्या भयाने चाचपडणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने ते साधत असेल तर ती योजना स्वागतार्हच आहे. परंतु दिवसा आणि फुकट या दोन शब्दांची जोडी जमली, की पंप बंद करण्याचे कारण उरत नाही. कार्बन वाचविताना पाणी गमावले, तर त्या हिशेबाची वही आयोगापुढे येत नाही. ती भूजल खात्याची, आणि दोन्ही खात्यांचे बोलणे होत असल्याचे दिसत नाही.

जमिनीचा भाव

न दिसणाऱ्या हिशेबांत सर्वांत क्लेशदायक जमिनीचा आहे. शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथील चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि सहा दिवसांनी रुग्णालयात प्राण सोडला. त्यांचे नाव खानदेशात घरोघरी ठाऊक आहे. आधी औष्णिक म्हणून आखलेल्या आणि पुढे सौर ऊर्जेकडे वळविलेल्या प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली; त्यांच्या हाती चार लाखांच्या आसपास मोबदला पडला, आणि शेजारच्याच काही जमिनींना त्याच्या कितीतरी पट अधिक मिळाला. सौर विजेचा दर कितीही खाली आला तरी त्या दरात अशा जमिनीची खरी किंमत धरलेली आहे काय, हा प्रश्न विचारण्याची जागा आपल्या नियामक व्यवस्थेत नाही. स्पर्धात्मक लिलावातून आलेला दर कलम ६३ खाली आयोगाने केवळ स्वीकारावयाचा असतो. त्याच्या पोटात काय दडले आहे, हे पाहण्याची त्यास फारशी मुभा नसते.

त्या मानाने सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने घेण्याची जी तरतूद झाली, ती निश्चितच शहाणपणाची आहे. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, आणि जमीन शेतकऱ्याच्याच नावे. कोरडवाहू, मुरमाड जमिनीला साक्री-शिंदखेड्यात एवढे उत्पन्न कोणते पीक देईल? अर्थात भाडेपट्टा लिहून देणारा मालक आणि त्याच जमिनीवर राबणारा मजूर ही दोन निराळी माणसे असतात, आणि मजुराला या व्यवहारात काही मिळत नाही.

दीपनगरच्या कामगारांचेही असेच. जर्मनीने २०२० साली कोळसा सोडण्याचा कायदा केला. शेवटची मुदत २०३८. त्याबरोबरच कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांसाठी चार हजार कोटी युरोंपर्यंतची तरतूद केली. आपल्याकडे दीपनगरचे जुने संच बंद झाले तेव्हा त्या बंद होण्याचा भुसावळच्या बाजारपेठेवर काय परिणाम होईल, हे तपासण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरच टाकलेली नव्हती.

दोन मापे आणि एक सुनावणी

हवामानाच्या बाबतीत आयोगाला नेमके काय करावयाचे आहे, हेही धड निश्चित नाही. राज्य आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार २०२४-२५ मध्ये महावितरणने २५ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यावयाची होती. त्याच वर्षासाठी केंद्राने ऊर्जा संवर्धन कायद्याखाली काढलेल्या ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेत २९.९१ टक्के हे माप दिले आहे, आणि २०२९-३० साठी ४३.३३ टक्के. एकाच दुकानात दोन शेर. कोळशाच्या धुरातील गंधकाविषयी केंद्राने ७ डिसेंबर २०१५ रोजी कडक मर्यादा घातल्या, त्यांच्या मुदती वारंवार वाढविल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना गंधकाच्या मर्यादेतून मोकळे केले. ज्यांनी मधल्या काळात यंत्रे बसविली त्यांचा खर्च ग्राहकांकडून वसूल व्हावयाचा आणि ज्यांनी नियम धाब्यावर बसविला ते निर्धास्त. प्रामाणिकपणाला दंड आणि दिरंगाईला बक्षीस, असा दर कोणत्याही आयोगाला न्याय्य रीतीने ठरविता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात निकाल देताना हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले. हक्क घोषित झाला, परंतु त्याला जोडून कर्तव्य कोणाचे, हे ठरावयाचे आहे. इंग्लंडमध्ये २०२३ च्या ऊर्जा कायद्याने तेथील नियामक संस्थेच्या मुख्य उद्दिष्टातच २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे राष्ट्रीय ध्येय घालून दिले. हे नुसते शब्द आहेत असे कोणी म्हणेल. परंतु शब्द कायद्यात असले की आदेश देताना त्यांचा विचार केल्याची कारणे लिहावी लागतात, आणि लिहिलेल्या कारणांवर अपील करता येते.

कारणे लिहिणे आणि ऐकून घेणे या दोन गोष्टींवरच नियामकाची सारी प्रतिष्ठा उभी असते. २०२५ साली काय झाले? आयोगाने २८ मार्चला महावितरणचे नवे दर जाहीर केले, पाच दिवसांत त्यांस स्थगिती दिली, आणि २५ जूनला पुनर्विलोकनाचा आदेश काढून १ जुलैपासून निराळे दर लागू केले. पुनर्विलोकनापूर्वी पुन्हा जाहीर सुनावणी झाली नाही, अशी ग्राहक संघटनांची तक्रार होती आणि वाद न्यायालयांत गेला. दिवसा, सौर विजेच्या वेळात, घरगुती ग्राहकाला सवलत देण्याची त्या दररचनेतील कल्पना चांगली आहे. परंतु चांगली कल्पनाही लोकांना न विचारता आली, तर लोक तिच्याकडे संशयाने पाहतात. स्मार्ट मीटरच्या बाबतीत तेच झाले.

सुनावण्या सामान्यतः महसूल विभागांच्या ठिकाणी होतात. खानदेशच्या वाट्याला नाशिक येते. जळगावच्या माणसाला अडीचशे किलोमीटर प्रवास करून पाच-दहा मिनिटे बोलण्यासाठी जावे लागते. याचिकेचा गोषवारा मराठीत मिळतो, मूळ हजारो पृष्ठे इंग्रजीत असतात. साहजिकच तेथे उद्योजकांचे सल्लागार आणि काही चिकाटीचे ग्राहक कार्यकर्ते यांचेच आवाज उमटतात. रावेरचा केळी उत्पादक, साक्रीचा आदिवासी, दीपनगरचा कंत्राटी कामगार तेथे नसतो. आयोगाची पुढील दरसुनावणी एक दिवस जळगावला आणि एक दिवस धुळ्याला घेण्यास कायद्याची कसलीही आडकाठी नाही. जिल्हा नियोजन भवने रिकामी असतात. येथील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र आणि विधी विभागांनी महावितरणच्या याचिकेचे मराठीत सुबोध टिपण करून द्यावयाचे म्हटले, तर विद्यार्थ्यांना त्याहून चांगले प्रात्यक्षिक कोठले? या मागणीचे निवेदन आयोगाच्या सचिवांकडे पाठविण्यास एका टपाल हशिलापलीकडे खर्च नाही, आणि पुढच्या याचिकेची जाहिरात वृत्तपत्रांत येण्यापूर्वी ते पोहोचावयास हवे. एकदा जाहिरात निघाली की हरकती दाखल करावयास अवघे काही आठवडे हाती राहतात.